विजेचे बिल आणि थकलेले देणे

वाणसामान आणावयास गेलेला गृहस्थ आधी भाव विचारतो, मग आपल्या खिशाकडे पाहतो आणि मग एक किलो घ्यावयाचे की अर्धा, हे ठरवितो. दुधाचे, भाजीचे, कापडाचेही तसेच. विजेचा व्यवहार मात्र अगदी उलटा आहे. येथे माल आधी वापरावयाचा, तोही डोळ्यांना न दिसणारा, आणि किंमत कळावयाची ती महिन्याने. घरात रॉकेलचा दिवा होता तेव्हा बाटलीतले तेल तळाला गेलेले गृहिणीला दिसत असे, आणि त्या रात्री वात आपोआपच थोडी खाली होई. विजेच्या बटणाला असा तळ नाही. म्हणून ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर एकेक रुपया दोनदा मोजला जातो, त्या घरालाही हे बिल बेसावध गाठते.

आज मी बोलणार आहे ते अशा घरांविषयी. विशेषतः ज्यांचे बिल एकदा थकले आणि मग थकतच गेले, त्यांच्याविषयी. सरकारी कामाच्या निमित्ताने अशा लोकांचे अर्ज वाचावयाचा प्रसंग मला पुष्कळदा आला आहे. अर्ज निरनिराळे, पण हकीगत बहुधा एकच असते. एका महिन्यात आजारपण निघाले किंवा पगार लांबला, बिल राहिले; पुढच्या महिन्याचा आकडा पाहून छाती दडपली आणि कागद तसाच खुंटीला अडकविला गेला; तिसऱ्या महिन्यापासून तो उलगडूनही पाहिला नाही. वीज तोडावयास माणूस दारात उभा राहिला तेव्हा अर्ज लिहिला गेला. खरे म्हणजे तो अर्ज पहिल्या महिन्यात लिहावयास हवा होता. पहिल्या महिन्यात जी दारे उघडी असतात, त्यांतील निम्मी चौथ्या महिन्यापर्यंत मिटलेली असतात.

तेव्हा प्रथम तो कागद उलगडू. महाराष्ट्रातल्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशी नावे आढळतात. इंदूर, वडोदरा, बेंगळुरू किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या आपल्या बांधवांना हीच नावे हिंदीत, गुजरातीत, कानडीत वा इंग्रजीत दिसतील, पण आतला मामला फारसा वेगळा नाही. स्थिर आकार म्हणजे घराला कुलूप असले तरी द्यावा लागणारा भाग. वीज आकार प्रत्येक युनिटामागे. एक युनिट म्हणजे हजार वॅटचे उपकरण तासभर चालविल्यावर होणारा खर्च. वीज तारांतून दारापर्यंत आणण्याचे भाडे म्हणजे वहन आकार. कोळसा आणि विकत घेतलेली वीज महागली, की तो बोजा इंधन समायोजनात दिसतो. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर होय. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकास तो शेकडा १६ पडतो. म्हणजे छापील दर पाहून जो मनुष्य आपला खर्च मोजतो तो फसतो, कारण त्या दरावर वहन चढते, इंधन चढते आणि त्या सगळ्यावर शुल्क चढते.

स्थिर आकाराच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. दिल्लीसारख्या ठिकाणी हा आकार घराच्या मंजूर भारावर, म्हणजे आपण किती किलोवॅटची जोडणी घेतली आहे त्यावर ठरतो. पूर्वीच्या भाडेकरूने वातानुकूलन यंत्रासाठी पाच किलोवॅट मंजूर करून घेतले असतील आणि आज त्या घरात दोन पंखे व एक शीतकपाट एवढेच चालत असेल, तर तीन किलोवॅटचे भाडे उगाच भरले जात आहे. भार कमी करून घेण्यास साधा अर्ज लागतो.

आणखी एक ओळ लोकांना घाबरविते, ती अतिरिक्त सुरक्षा ठेवीची. वर्षाच्या सरासरी बिलावरून कंपनी ठेवीची रक्कम पुन्हा काढते आणि फरक मागते. ही थकबाकी नव्हे. ठेव ग्राहकाचीच असते, आणि वीज कायदा, २००३ याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे तिच्यावर व्याज द्यावे लागते. ते व्याज आपल्या बिलातून वजा झाले आहे की नाही, हे वर्षातून एकदा पाहून घ्यावे.

यानंतर पाहावयाचे ते वाचन. मागील वाचन, चालू वाचन, त्यांतील अंतर, आणि ते किती दिवसांचे आहे, हे चार आकडे. बहुतेक बिलांवर वाचन कोणत्या प्रकारचे, हेही लिहिलेले असते. मीटर प्रत्यक्ष पाहिला, की घर बंद होते म्हणून सरासरी लावली, हे त्यावरून कळते. सरासरीचे बिल आले की पुष्कळांना आनंद होतो, कारण ते कमी असते. तो आनंद महागात पडतो. न मोजलेली युनिटे कुठे जात नाहीत. ती मीटरमध्ये साठून राहतात आणि एक दिवस सगळी मिळून दारात येतात.

याचा धडा सबंध महाराष्ट्राला २०२० साली मिळाला. मार्च महिन्यात टाळेबंदी आली आणि मीटरवाचन थांबले. एप्रिल-मे महिन्यांची बिले आधीच्या, म्हणजे हिवाळी महिन्यांच्या, सरासरीवर काढली गेली. इकडे माणसे दिवसभर घरात, पंखे दिवसभर चालू, आणि ऋतू उन्हाळ्याचा. जूनमध्ये वाचन पुन्हा सुरू झाले आणि तीन महिन्यांचा खरा हिशेब एकदम पुढे आला. ज्यांचे उत्पन्न त्याच महिन्यांत बंद पडले होते, त्यांच्या हाती नेहमीच्या तिप्पट-चौपट आकड्याचा कागद पडला. मोठा गवगवा झाला. तीन हप्त्यांत पैसे भरण्याची सवलत पुढे दिली गेली. पण त्या आकड्यात काय दडले आहे, हे समजून घेणारे थोडेच होते.

दडलेली गोष्ट म्हणजे टप्प्यांचा हिशेब. घरगुती विजेला सरसकट एक दर नसतो. महाराष्ट्रात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० यांना बराच वरचा, आणि पुढे आणखी वरचे. समजुतीपुरते असे धरू, की पहिली १०० युनिटे ४ रुपयांनी आणि पुढची ९ रुपयांनी मिळतात. एक कुटुंब महिन्याला १०० युनिटे वापरते, म्हणजे तीन महिन्यांत ३००. महिन्यामहिन्याने मोजल्यास वीज आकार १,२०० रुपये होतो. तीच ३०० युनिटे एका महिन्याची म्हणून मोजली तर पहिल्या शंभरांचे ४०० आणि उरलेल्या दोनशेंचे १,८००, असे २,२०० रुपये होतात. वीज तीच, मीटर तोच, आणि १,००० रुपयांचा फरक. म्हणून कित्येक महिन्यांची युनिटे एकत्र आली, की ती त्या त्या महिन्यांत वाटून टप्प्यांचा लाभ मिळाला पाहिजे. २०२० च्या त्या बिलांत असा लाभ दिलेला होता. एरवी मात्र, एखाद्या घराचा मीटर चार महिने कोणी पाहिलाच नाही आणि मग एकदम बिल आले, तर ही वाटणी झाली आहे की नाही, हे ग्राहकाने स्वतः मोजावे. बेरीज-गुणाकार यापलीकडे त्यास काही लागत नाही. चौथीतले मूल ते करू शकेल, आणि त्याच्याकडून करवून घेतल्यास त्याचाही अभ्यास होईल.

डिसेंबर २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम जाहीर केले. त्यांत या अंदाजी बिलांना मर्यादा घातली आहे. एका आर्थिक वर्षात दोनांपेक्षा अधिक अंदाजी बिले काढता येत नाहीत. असाधारण आपत्ती नसता तसे झाल्यास, प्रत्यक्ष वाचनाचे बिल येईपर्यंत ग्राहक पैसे देण्याचे नाकारू शकतो. मीटर घराच्या आत असेल आणि वाचणारा दोनदा परत गेला असेल, तर मीटरचे छायाचित्र तारखेसह पाठविण्याची सोय त्याच नियमांत आहे. २०२४ साली आणखी एक भर पडली. मीटर जास्त पळतो अशी तक्रार केल्यास कंपनीने पाच दिवसांत दुसरा मीटर जोडून दोहोंचे वाचन ताडून पाहावे, असे सांगितले गेले. हे हक्क मागणाऱ्यास मिळतात. कोणी आपण होऊन दारात आणून देत नाही.

टप्प्यांची रेघ ठिकठिकाणी निराळी असते आणि ती काही ठिकाणी फार तीक्ष्ण असते. महाराष्ट्रात ३०१ वे युनिट महाग पडते, पण आधीची ३०० आपल्याच दराने राहतात. केरळात महिन्याची मजल २५० युनिटांच्या पुढे गेली, की पहिल्या युनिटापासून सगळ्यांनाच वरचा दर लागतो. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून महिना २०० युनिटांपर्यंत बिल शून्य आणि ४०० पर्यंत ८०० रुपयांच्या मर्यादेत निम्मी सवलत, अशी योजना आली. तेथे ४०१ वे युनिट सगळी सवलत घेऊन जाते. मध्य प्रदेशात १५० युनिटांच्या आत राहणाऱ्यास पहिली १०० युनिटे १०० रुपयांत देण्याची योजना निघाली. कर्नाटकात जुलै २०२३ पासून घराच्या आधीच्या वर्षाच्या सरासरीवर शेकडा १० चढवून, २०० च्या आत, मोफत विजेचे माप ठरले. बदलीवर गेलेल्या माणसाने नव्या गावी भाड्याची खोली शोधताना या रेघा कोठे आहेत, हेही विचारून घ्यावे. महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी मीटर पाहून आपण रेघेच्या किती जवळ आलो आहोत हे ज्या घरात पाहिले जाते, तेथे उरलेल्या पाच दिवसांत इस्त्री बाजूला राहते आणि शेदोनशे रुपये वाचतात. वर्षभर जिवाला टोचणी लावून घेण्यापेक्षा हे पाच दिवस बरे.

आता युनिटे जातात कोठे, ते पाहू. आपल्याकडे काटकसरीचा उपदेश बहुधा दिव्यांपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. ६० वॅटचा जुना तारेचा दिवा रोज पाच तास जळाला तर महिन्याला ९ युनिटे खातो; त्याच जागी ९ वॅटचा एलईडी दिवा दीडाहूनही कमी. हा बदल बहुतेक घरांत होऊन गेला आहे. खरा खादाड म्हणजे उष्णता निर्माण करणारी उपकरणे. दोन हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालविला, की महिन्याची ३० युनिटे गेली. एक बादली चुलीवर तापविण्याचे दिवस गेले हे खरे, पण घरातल्या सर्वांनी लागोपाठ स्नान उरकले तर तेच पाणी दोनदा तापवावे लागत नाही.

उष्णतेच्या खालोखाल येतात ती थोडे थोडे पण अखंड खाणारी यंत्रे. जुना छताचा पंखा ७५ वॅटचा असतो. रोज १५ तास धरल्यास महिन्याला सुमारे ३४ युनिटे होतात. हल्ली मिळणारा नव्या जातीचा पंखा ३० वॅटच्या आत चालतो आणि १३ युनिटांत भागवितो. दोन खोल्यांच्या घरात, जेथे दोन पंखे रात्रंदिवस फिरतात, तेथे महिन्याला ४० युनिटांचा हा फरक दिव्यांच्या सगळ्या काटकसरीहून मोठा आहे. तो पंखा महाग असतो, हेही सांगितले पाहिजे. म्हणून दोन्ही एकदम बदलण्याचा हट्ट न धरता, ज्याच्याखाली घरातील वृद्ध माणूस दिवसभर बसते तो आधी बदलावा. दूरदर्शन संचाबरोबरची पेटी बंद केली असे वाटते तेव्हाही दहाएक वॅट खात असते. भिंतीवरचे बटण न दाबल्यास महिन्याला ७ युनिटे जातात. शीतकपाट घ्यावयाचे असल्यास त्याच्या अंगावरील ताऱ्यांपेक्षा त्या चिठ्ठीवर खाली छापलेला वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचावा. त्यास १२ ने भागले की आपल्या बिलात किती भर पडणार, हे दुकानातच कळते.

गॅसचे सिलिंडर संपत आले, की विजेच्या शेगडीचा मोह होतो. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो वायू असतो. तेवढीच स्वयंपाकाची उष्णता विजेच्या इंडक्शन शेगडीवर मिळविण्यास साधारणतः १३० ते १४० युनिटे लागतील. ज्याचे सिलिंडर दीड महिना पुरते त्याच्या बिलात महिन्याला सुमारे ९० युनिटांची भर पडेल. ही भर आपल्या खालच्या टप्प्यात मावत असेल, किंवा सवलतीच्या रेघेच्या आत राहत असेल, तर शेगडी स्वस्त. मावत नसेल तर गॅस स्वस्त. या प्रश्नाला सबंध देशाचे एक उत्तर नाही, शेजारच्या घराचेही आपल्याला लागू पडेल असे नाही.

असो. काटकसर पुढच्या बिलापुरती उपयोगी. जे देणे आधीच थकले आहे त्याला ती पुरत नाही.

विजेचे देणे थकले, की त्याच्यावर दोन प्रकारची भर पडते. मुदत चुकल्याबरोबर विलंब आकार, महाराष्ट्रात तो सव्वा टक्का. आणि पुढे थकबाकीवर व्याज. हे व्याज हलके नाही, पण गावच्या सावकाराच्या दरमहा शेकडा पाचाशी त्याची तुलना केली तर कोणते कर्ज महाग, हे सहज कळते. शेकडा पाच दरमहा म्हणजे वर्षाला साठ. तरीही मी पाहिले आहे, की वीज तोडतील या धास्तीने लोक सावकाराकडे धाव घेतात, एक देणे फेडतात आणि त्याहून भारी देणे गळ्यात घेतात. याचे कारण एवढेच, की सावकार बोलतो, समजूत काढतो, आणि वीज कचेरीतील खिडकीवर बोलता येते हे त्यांना माहीत नसते.

मात्र बोलावयाचे ते वेळेवर. कायद्याने वेळ दिलेला आहे. १९१० च्या जुन्या वीज कायद्यात वीज तोडण्यापूर्वी पुरत्या सात दिवसांची लेखी सूचना द्यावी लागे. २००३ च्या कायद्याने, त्याच्या ५६ व्या कलमात, हे दिवस पंधरा केले. या पंधरा दिवसांत ग्राहकास दोन निरनिराळ्या वाटा आहेत, आणि आपण कोणत्या वाटेने जाणार हे त्याने आधी मनाशी ठरविले पाहिजे.

बिल बरोबर आहे, पण पैसे नाहीत, अशी स्थिती असेल तर हप्ते मागावे. हप्ते देणे हे पुष्कळ अंशी अधिकाऱ्याच्या विचारावर असते, आणि त्या विचारावर परिणाम करणारी एक गोष्ट म्हणजे हातात आणलेली काही रक्कम. नुसता अर्ज आणि अर्जासोबत थकबाकीचा तिसरा-चौथा हिस्सा, या दोहोंकडे पाहण्याची दृष्टी कोणत्याही कचेरीत वेगळी असते, असे मी त्याच बाजूला बसणारा मनुष्य म्हणून सांगतो. हप्ता मात्र एवढाच कबूल करावा, की चालू बिल भरून तो भरता येईल. थकबाकीचा हप्ता भरला आणि चालू बिल राहिले, तर एका भोकातून पाणी काढून दुसऱ्यातून आत घेण्यासारखे होते.

बिलच चूक आहे, असे वाटत असेल तर वाट दुसरी. त्याच ५६ व्या कलमात सांगितले आहे, की वादातील सबंध रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीप्रमाणे होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. ज्याचे बिल दरमहा ८०० च्या आसपास येते त्याला एके महिन्यात एकाएकी ९,६०० चे आले, तर निषेधपूर्वक ८०० रुपये भरून तो आपला दिवा चालू ठेवू शकतो. हे कलम थोड्यांना ठाऊक आहे. ९,६०० भरता येत नाहीत म्हणून ८०० ही न भरणारे मात्र मी अनेक पाहिले.

वीज कंपनीच्या खिडकीवर समाधान झाले नाही, तर कायद्याच्या ४२ व्या कलमाने प्रत्येक वितरण कंपनीस ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच स्थापावा लागतो, आणि त्यावर विद्युत लोकपाल असतो. तेथे वकील लावावाच लागतो असे नाही. साध्या मराठीत वा त्या प्रांताच्या भाषेत लिहिलेली, तारखा नीट दिलेली तक्रार चालते.

एक गैरसमज पुष्कळ ठिकाणी पसरलेला आहे, की दोन वर्षे गप्प बसले म्हणजे देणे बुडते. कायद्यात दोन वर्षांची मर्यादा आहे खरी, पण बिलावर ती रक्कम सतत थकबाकी म्हणून दाखविली जात असेल तर ती मर्यादा लागू होत नाही. आणि बिलावर ती दरमहा छापली जातच असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असेही स्पष्ट केले, की देणे प्रथम लागू होते ते बिल काढल्यावर. जुनी चूक उशिरा ध्यानात आली तर कंपनी जादा बिल काढू शकते, मात्र दोन वर्षांच्या मर्यादेबाहेरच्या अशा रकमेसाठी वीज तोडण्याचे हत्यार तिला वापरता येत नाही. म्हणून चारपाच वर्षांपूर्वीच्या चुकीचे बिल अचानक आले, तर घाबरून भरण्याआधी ते कोणत्या काळाचे आहे, हे लेखी विचारावे.

भाड्याने राहणाऱ्यांची आणि जुने घर विकत घेणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. मागील रहिवाशाची थकबाकी आपल्या माथी कशी, असा त्यांचा संताप असतो आणि तो स्वाभाविक आहे. परंतु राज्याच्या नियमांत तशी तरतूद असल्यास ती नव्या मालकाकडे मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये ठरविले. महाराष्ट्राच्या २००५ च्या पुरवठा संहितेत वारसाखेरीज इतरांवर येणारे हे ओझे जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बिलांपुरते ठेवले होते. घराची किल्ली हाती घेण्यापूर्वी शेवटच्या बिलाची प्रत मागून घेणे, आणि त्या दिवसाचे मीटरवाचन घरमालकाच्या सहीनिशी लिहून ठेवणे, याला पाच मिनिटे लागतात. जेथे घरमालक स्वतःचा पोटमीटर बसवून मनाला येईल त्या दराने पैसे घेतो, तेथे निदान मूळ बिल पाहावयास मागावे.

वीज कायमची तुटलेल्यांसाठी अधूनमधून अभय योजना निघतात. महाराष्ट्रात २०२४ साली अशी एक निघाली होती. मूळ रक्कम भरणाऱ्यास व्याज व विलंब आकार माफ होई. अशी योजना चालू असताना तिचा लाभ जरूर घ्यावा. परंतु योजना येईल म्हणून थकवीत बसणे हा वेडेपणा आहे. ती यावयाची तेव्हा येते, आणि तोवर मुले अंधारात अभ्यास करतात.

ज्यांचे बिल थकले आहे त्यांच्या धास्तीवर जगणारी एक जमात हल्ली निर्माण झाली आहे. मागील बिलाची नोंद झालेली नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, तातडीने अमुक क्रमांकावर बोला, असा निरोप दूरध्वनीवर येतो. आणि बोलणारा गोड शब्दांत आपल्या बँक खात्याचा रस्ता विचारून घेतो. पंधरा दिवसांच्या लेखी सूचनेशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही, एवढे ज्याला माहीत आहे तो या जाळ्यात सापडत नाही. आपला ग्राहक क्रमांक घेऊन कंपनीच्या खिडकीवर जावे, किंवा छापील बिलावरील क्रमांकावरच विचारावे.

घरच्या जमाखर्चात या सगळ्याला जागा कशी करावयाची? पुष्कळशा बिलांवर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. वर्षभराची बिले एकत्र करून बेरीज करावी आणि १२ ने भागावे. ज्या घरात हिवाळ्यात ५०० आणि मे महिन्यात १,४०० बिल येते, तेथे ही सरासरी ८०० च्या घरात निघेल. डिसेंबरात ५०० चे बिल भरून उरलेले ३०० सुटले असे न समजता ते बाजूला पडले पाहिजेत. डब्यात टिकत नसतील तर वीज खात्यातच आगाऊ भरून टाकावे, ती रक्कम पुढील बिलातून वजा होते. दिवाळीनंतरचे चार महिने हे उन्हाळ्याची भरणी करण्याचे महिने आहेत. लोणच्याची बरणी आपण उन्हाळ्यात भरतो आणि पावसाळ्यात उघडतो. हे त्याच्या उलट, इतकेच.

आणि देणी अनेक असतील तर क्रम लावावा. ज्याच्या न देण्याने घर चालणे थांबते ते आधी: भाडे, वीज, स्वयंपाकाचा गॅस, मुलांची फी. हप्त्याने घेतलेल्या भ्रमणध्वनीचा विक्रेता कितीही वेळा दारात आला, तरी त्याचा क्रमांक यांच्या मागे. जो मोठ्याने मागतो त्याला आधी द्यावयाचे, हा आपल्या घरांतला रिवाज फार घातक आहे. वीज कंपनी मोठ्याने मागत नाही, ती मुकाट्याने तार काढून नेते.

राहता राहिला तो अर्ज. त्यात आपली दुःखे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. दोन ओळी पुरेत. ग्राहक क्रमांक, बिलाची तारीख, एकूण थकबाकी आणि त्यांतील मूळ रक्कम किती व व्याज किती, हे वर लिहावे. खाली आज किती भरत आहोत, पुढे दरमहा कोणत्या तारखेस किती भरू आणि चालू बिल त्याखेरीज भरू, हे आकड्यांत लिहावे. सहा महिन्यांच्या आतील पावत्यांच्या प्रती जोडाव्या. अर्जाच्या दोन प्रती कराव्या, एक कचेरीत द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घेतल्यावाचून खिडकी सोडू नये.